संगणकावरचे गणित आणि उत्तरपत्रिकेतले गुण



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने गणिताच्या संगणकीय पाठांवर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. त्यांचे समाधान पुढे ओघाने होईल, अशी आशा आहे. तूर्त एवढेच सांगतो की, पाचवी ते आठवीच्या मुलाला गणितात कमी गुण पडतात तेव्हा त्या तुटीचा सगळाच हिशेब गणिताच्या खात्यावर मांडता येत नाही. त्यातला काही भाग भाषेच्या खात्यावर टाकावा लागतो, आणि ते दुसरे खाते तपासण्यात माझी हयात गेली आहे.

आपल्यापुढचा प्रश्न साधा आहे. मुलांना संगणकावर गणिताचे सॉफ्टवेअर दिले तर त्यांचे परीक्षेतले गुण वाढतात काय? विकणारे म्हणतात, हमखास वाढतात. जुन्या पिढीतले शिक्षक म्हणतात, उलट मुले पाढे विसरतील. दोन्ही पक्ष आपापल्या ठिकाणी ठाम आहेत; पण ठामपणा म्हणजे पुरावा नव्हे. सुदैवाने या विषयात चांगला पुरावा उपलब्ध आहे आणि त्यातला सर्वांत बोलका भाग आपल्याच देशातला आहे.

कल्पना तशी जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पॅट्रिक सपीस यांनी शाळकरी मुलांना टेलिप्रिंटरसारख्या यंत्रावरून अंकगणिताचा रोजचा सराव देण्याचे प्रयोग केले. कॅलिफोर्नियातील बऱ्यापैकी चालणाऱ्या शाळांत त्याचा लाभ बेताचाच दिसला; मिसिसिपी राज्यातील गरीब भागात मात्र तो ठळकपणे दिसला. जिथे मुलांना एरवी पुरेसा सराव मिळतच नव्हता, तिथे यंत्राने दिलेला सरावही मोलाचा ठरला, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढून सुमारे अडीचशे शाळांत छोटे संगणक बसवले. गोव्यात पुढे ‘सायबरएज’ योजनेतून विद्यार्थ्यांच्या घरी संगणक गेले. २०२१ पासून ‘केअर्स’ योजनेखाली सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्सची ओळख करून देण्यात येऊ लागली. हे सारे स्वागतार्हच होय. परंतु शाळेत यंत्र येणे वेगळे आणि त्या यंत्रातून मुलाला गणित येणे वेगळे. या दोहोंमधले अंतर किती असू शकते, हे प्रथम नीट मोजले गेले ते बडोद्यात.

बडोदे म्हटले की आपल्याला सयाजीराव आठवतात. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. त्याच शहराच्या पालिका शाळांना २००० साली गुजरात सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली तेव्हा त्यांतल्या फारच थोड्या शाळांत ते वापरात असल्याचे आढळले. (ज्यांनी सरकारी शाळांची कपाटे पाहिली आहेत त्यांना हे सांगण्याची गरज नाही.) ‘प्रथम’चा जन्म मुंबईचा, माधव चव्हाण व फरिदा लांबे यांच्या पुढाकारातला. तिने काही शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ संगणकावर देण्याचे ठरवले. एका यंत्रापुढे दोन मुले; एक तास शाळेच्या वेळेत, एक तास शाळेआधी किंवा नंतर. कोणत्या शाळांना हे पाठ द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. चिठ्ठीचे महत्त्व असे की, पाठ मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळा मुळात सारख्याच असतात. म्हणून पुढे जो फरक पडेल तो पाठांचाच, असे खात्रीने म्हणता येते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ ते २००४ या काळात हा फरक मोजला.

हे अभ्यासक फरक ‘प्रमाण विचलना’त सांगतात. आपण तो रांगेत सांगू. पाठ न मिळालेल्या शंभर मुलांची गुणानुक्रमे एक रांग आहे आणि तिच्या बरोबर मध्यावर एक सर्वसाधारण मूल उभे आहे, असे समजा. बडोद्यातील पाठांमुळे असे मूल पहिल्या वर्षी सुमारे चौदा आणि दुसऱ्या वर्षी सुमारे अठरा मुलांना मागे टाकून पुढे गेले. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी मजल क्वचित दिसते. मात्र पाठ बंद झाल्यावर वर्षभराने पाहिले तर चौदा-अठराचे जेमतेम चार उरले होते. सराव थांबला आणि मिळवलेले बहुतांशी ओसरले. शिवाय त्याच शहरात आणि मुंबईत ‘प्रथम’ने ‘बालसखी’ नावाचा दुसरा उपक्रमही चालवला होता. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन शिकवी. तिच्यावरचा खर्च वर्षाला दर मुलामागे सव्वादोन डॉलरच्या आसपास, तर संगणकाचा सुमारे पंधरा डॉलर! गणितात संगणकाचा परिणाम मोठा होता खरा, पण रुपयागणिक हिशेब केला तर बालसखीच सरस ठरली. हा आकडा विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

पुढचा अनुभव अहमदाबादचा, आणि माझ्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. तेथील ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गांत ली लिंडन यांनी एकाच प्रकारचे संगणकीय पाठ दोन रीतींनी देऊन पाहिले. एका रीतीत मुले शाळेच्या वेळातच, शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणकापुढे बसली. दुसऱ्या रीतीत ती शाळेच्या आधी किंवा नंतर जादा वेळ बसली. जादा वेळ बसलेले मध्यावरचे मूल रांगेत अकराएक मुलांनी पुढे सरकले. शिक्षिकेचा तास काढून घेऊन बसवलेले मूल बावीसएक मुलांनी मागे गेले! शिक्षिका चांगली शिकवत होती. तिच्या जागी यंत्र आणल्यावर तोटा झाला. सॉफ्टवेअर चांगले की वाईट, या प्रश्नाला म्हणूनच एकटे उत्तर नाही. ते कशाच्या जागी आले, हे आधी विचारावे लागते.

आता आपल्या वयोगटाकडे येऊ. पाचवी ते आठवीच्या मुलांसंबंधी सर्वांत तपशीलवार पुरावा दिल्लीचा आहे. सरकारी शाळांतील ६१९ मुलांवर २०१५-१६ मध्ये कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि आलेहांद्रो गानिमियान यांनी हा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरची शाळेबाहेरची केंद्रे होती. मुलांनी आठवड्यातून सहा दिवस तेथे जायचे. पाऊण तास संगणक, पाऊण तास लहान गटात शिकवणी. म्हणजे श्रेय एकट्या यंत्राला देता येत नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. सुमारे साडेचार महिन्यांत, आणि तेही सरासरी हजेरी साठ टक्क्यांहून कमी असताना, मध्यावरचे मूल गणितात चौदाएक मुलांनी पुढे गेले. हिंदीतही प्रगती झाली.

मला अधिक विचार करायला लावणारी गोष्ट दुसरीच आहे. प्रारंभी घेतलेल्या चाचणीत असे दिसले की, सहावीतले सर्वसाधारण मूल गणितात आपल्या इयत्तेच्या सुमारे अडीच इयत्ता मागे होते आणि नववीतले तर साडेचार इयत्ता मागे होते. मूल वरच्या वर्गात जात राहते, पुस्तक बदलत राहते, आणि दोघांमधले अंतर दरवर्षी वाढते. वर्गातला शिक्षक सहावीचे पुस्तक शिकवतो, कारण त्याला तेच शिकवायला सांगितलेले असते. साडेतिसरीत अडकलेल्या मुलाच्या डोक्यावरून ते पाणी वाहून जाते. सर्वांत मागच्या तृतीयांश मुलांनी त्या काही महिन्यांत शाळेत बसून जवळजवळ काहीच प्रगती केली नाही, असे आढळले. सॉफ्टवेअरने जे साधले ते एवढेच की, त्याने मुलाची इयत्ता विचारली नाही; त्याला काय येते ते पाहिले आणि तेथून पुढे नेले.

आता गुणांचा प्रश्न. अभ्यासकांनी घेतलेल्या स्वतंत्र चाचणीत गुण वाढले हे खरे. पण त्याच मुलांच्या शाळेच्या परीक्षांतले गुण पाहिले तेव्हा हिंदीत वाढ दिसली, गणितात मात्र लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही! पालकाने प्रगतिपुस्तक पाहून ‘पैसे फुकट गेले’ असे म्हटले असते. तसे म्हणणे चूक ठरले असते. मूल तिसरीच्या भागाकारापासून पाचवीच्या अपूर्णांकापर्यंत आले. पण सातवीच्या प्रश्नपत्रिकेत ना तिसरीचा भागाकार विचारला होता, ना पाचवीचा अपूर्णांक. अंधाऱ्या विहिरीत वीस पायऱ्या चढून आलेला माणूस अजून काठावर दिसत नाही, म्हणून तो चढलाच नाही असे कसे म्हणावे? गुण वाढले काय, या प्रश्नाआधी कोणत्या परीक्षेतले गुण, असा प्रश्न केलाच पाहिजे.

अमेरिकेतील अनुभव थोडक्यात सांगतो. तेथे १३२ शाळांत केलेला मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावीच्या गणितासाठी आणि बीजगणितासाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरचा पहिल्या वर्षी गुणांवर उल्लेखनीय परिणाम दिसला नाही. बीजगणिताच्या आणखी एका प्रसिद्ध संचाने पहिल्या वर्षी काहीच दिले नाही; दुसऱ्या वर्षी, शिक्षकांचा हात बसल्यावर, हायस्कूलमधले मध्यावरचे मूल आठ मुलांनी पुढे सरकले. मेन राज्यात सातवीच्या मुलांना संगणकावर फक्त गृहपाठ दिला गेला. मुलाला उत्तर चूक की बरोबर ते तत्काळ कळे आणि कोणी कुठे चूक केली याची यादी शिक्षकाला सकाळी मिळे. रात्री दहा मिनिटांहून कमी काम, आठवड्यातून तीन-चार दिवस. तरी वर्षअखेरीस सातएक मुलांचा पल्ला पडला, आणि लाभ मागच्या मुलांना अधिक झाला. सारांश असा की, परिणाम शून्यापासून पुष्कळ मोठ्यापर्यंत कुठेही असू शकतो. मग तो कशावर ठरतो?

माझ्या समजुतीप्रमाणे तो चुकीच्या निदानावर ठरतो. समजा, मुलाने बावन्नातून सदतीस वजा करून पंचवीस हे उत्तर लिहिले. शिक्षकाने लाल फुली मारली, विषय संपला. पण ही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. त्याचा एक नियम आहे, तो चुकीचा आहे, आणि तो प्रामाणिकपणे पाळला आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७० च्या दशकात अशा चुकीच्या नियमांची यादीच केली आणि ती संगणकाला शिकवली. आजचे चांगले सॉफ्टवेअर हेच करते. ०.१५ ही संख्या ०.७ पेक्षा मोठी, असे मुलाने म्हटले की ते ओळखते, हा दशांशचिन्हानंतर पंधरा आणि सात या पूर्ण संख्या वाचतो आहे. आणि त्याप्रमाणे पुढचे उदाहरण निवडते. चाळीस मुलांच्या वर्गात एका शिक्षकाला हे प्रत्येकासाठी करणे अशक्य आहे. यंत्राची खरी किंमत इथे आहे. चित्रांत, संगीतात, शाबासकीच्या चांदण्यांत नाही.

निदान मात्र उत्तरावरून होते, आणि उत्तर देण्याआधी मुलाने प्रश्न वाचलेला असतो. इथे आपण माझ्या खात्यावर आलो.

इब्रामपूर-हणखण्याच्या परिसरातले पुष्कळसे मूल चौथीपर्यंत मराठीत गणित शिकते. पाचवीत तेच गणित इंग्रजीत सुरू होते. पलीकडे दोडामार्ग तालुक्यातले त्याचे मामेभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत पुढेही मराठीतच शिकत राहतात. घरची बोली, सण, देवळे सारखी, गणिताची भाषा मात्र सीमेवर बदलते. आता हे पाहा. मराठीत आपण म्हणतो, ‘बारातून पाच वजा करा.’ आधी बारा, मग पाच. लिहितानाही तोच क्रम. इंग्रजीत तेच वाक्य ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह’ असे होते. आधी पाच येतात. ज्याची इंग्रजी अजून कच्ची आहे असे पाचवीतले मूल ऐकलेल्या क्रमाने अंक मांडते आणि गोंधळते. ‘थ्री टाइम्स’ म्हटले की त्याला घड्याळ आठवते, कारण टाइम म्हणजे वेळ एवढे त्याला ठाऊक असते. ‘तिप्पट’ म्हटले असते तर क्षणात उत्तर दिले असते. ‘टेबल’ म्हणजे मेज, ‘ऑड’ म्हणजे विचित्र. ‘फाइव्ह मोअर दॅन’ यातले ‘मोअर’ दिसले की बेरीज करायची, असा ठोकताळा ते बांधते, आणि ‘रामजवळ शामपेक्षा पाच जास्त आहेत, तर शामजवळ किती?’ अशा उदाहरणात फसते. हा शेवटचा ठोकताळा मराठीतही फसवतो, पण मराठीत मूल वाक्य पुन्हा वाचून सावरू शकते.

आता इंग्रजी सॉफ्टवेअर काय करील? त्याला दिसते ते चुकलेले उत्तर. ते ठरवते, या मुलाला वजाबाकी येत नाही, आणि त्याला तिसरीच्या वजाबाकीकडे परत पाठवते. मुलाला वजाबाकी उत्तम येत असते. येत नव्हती ती ‘फ्रॉम’ची विभक्ती. वैद्याने नाडी बरोबर धरली, पण मनगट दुसऱ्याचे होते! दिल्लीच्या प्रयोगात पाठ हिंदीत होते. बडोद्यातली मुले आपल्या शाळेच्याच भाषेत खेळत होती. त्या प्रयोगांतले चौदा आणि अठरा हे आकडे पेडण्याच्या सातवीला लागू करण्यापूर्वी हा फरक ध्यानात घेतला पाहिजे. परीक्षा इंग्रजीत आहे म्हणून सरावही इंग्रजीतच हवा, असे पालक म्हणतात, आणि त्यांची चिंता खोटी नाही. पण परीक्षा ज्या भाषेत, निदानही त्याच भाषेत, असा काही नियम नाही.

मराठीचे सगळेच सोपे आहे, असा माझा दावा नाही. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. अकरापासून नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी पुढच्या घरात पाहुणी बसलेली. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आणली तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिचा शांतपणे पुरस्कार केला. मला स्वतःला जुनी नावे सोडवत नाहीत. पण मूल पंचवीसचे बावन्न का लिहिते याविषयी बाईंचे निरीक्षण अचूक होते, आणि ज्यांनी थट्टा केली त्यांनी बहुधा दुसरीच्या वर्गात कधी संख्यालेखन घातले नसावे. दुसऱ्या बाजूला, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही आपली अपूर्णांकांची पाठांतरे! ज्याला दिडकी येते त्याला ‘सात दिढे साडेदहा’ सांगायला कागद लागत नाही. इंग्रजीत शिकणाऱ्या नातवाला हीच गोष्ट तीन ओळींत मांडावी लागते. बाहेर तयार झालेल्या सॉफ्टवेअरला या शिदोरीचा पत्ता नसतो. पण शिक्षकाला आणि आजीला असतो.

मग आपल्यासारख्या शाळेने काय करावे? खरेदीचा निर्णय समितीने घ्यायचा आहे. मी पुराव्यातून निघणाऱ्या दोन-तीन गोष्टी तिच्यापुढे ठेवतो. अहमदाबादचा धडा असा की, गणिताच्या शिक्षकाचा तास कापून मुलांना संगणककक्षात नेऊ नये. जादा वेळ मात्र खेड्यात महाग असतो. शाळा सुटली की मुलांना बस गाठायची असते, आणि ती चुकली तर पावसाळ्यात घरचा रस्ता सोपा नसतो. घरी मोबाइलवर पाठ द्यावेत, तर २०२० च्या टाळेबंदीत गोव्यातल्या गावागावांत जाळे शोधत टेकडीवर चढणारी मुले आपण पाहिली आहेत. तेव्हा उरतो तो संगणकाचा म्हणून वेळापत्रकात असलेला तास. तोच काही प्रमाणात गणिताकडे वळवता येईल; टंकलेखन थोडे मागे पडले तर बिघडत नाही. जो संच घ्यायचा त्यात एकच प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत शेजारी-शेजारी दिसण्याची सोय आहे काय, आणि मुलाने कोणती चूक केली हे शिक्षकाला दिसते काय, हे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. शाबासकीच्या चांदण्या किती, हे विचारू नये.

त्याआधी मात्र एक गोष्ट बिनखर्चाची आहे. येत्या सत्राच्या पहिल्या महिन्यात सहावीच्या मुलांना दहा शाब्दिक उदाहरणे इंग्रजीत घालावीत. जी चुकतील ती दोन दिवसांनी त्याच मुलाला मराठीत वाचून दाखवावीत, आणि कितींची उत्तरे आता बरोबर आली ते वहीत मांडावे. उरलेल्या चुका गणिताच्या, सुधारलेल्या चुका बहुतांशी भाषेच्या. ते दोन आकडे पालकसभेपुढे ठेवले, म्हणजे कोणता संच घ्यावा आणि कोणत्या भाषेत घ्यावा, यावर वाद घालायला आपल्याजवळ आपल्याच मुलांचा पुरावा असेल.